थंड कॅमेरा आणि हरिहररावांचं तांबं

चाकणच्या एमआयडीसीत पोलाद तापवणाऱ्या, ठोकणाऱ्या आणि कापणाऱ्या माणसांचा तुटवडा नाही. पोलादाकडे नुसतं बघून पगार घेणारे मात्र मोजके, आणि त्या मोजक्यांत स्वतःला अव्वल समजणारे एकटे हरिहरराव उपळेकर. एका फोर्जिंग कंपनीच्या लॅबचे ते प्रमुख. प्रमुख म्हणजे असं, की लॅबमध्ये ते आणि एक मायक्रोस्कोप असे दोघेच होते, आणि दोघांपैकी मायक्रोस्कोप कमी बोलायचा.

काम तसं सोपं. क्रँकशाफ्टच्या प्रत्येक लॉटमधला एक तुकडा कापायचा, घासून चकचकीत करायचा, त्यावर ॲसिड फिरवायचं आणि मायक्रोस्कोपखाली ठेवून पोलादाची आतली घडण बघायची. मग त्या घडणीचा फोटो काढून, खाली सही ठोकून तो गिऱ्हाईक कंपनीला पाठवायचा. सही हा हरिहररावांचा आवडता भाग. 'उपळेकर'मधल्या 'ळ'ला ते असा काही वळसा द्यायचे की खालच्या दोन ओळी झाकल्या जायच्या.

घोटाळा फोटोंचा होता. जुना कॅमेरा इतका थकला होता की पोलादाचे फोटो पिवळट आणि रवाळ यायचे. गिऱ्हाईक कंपनीच्या क्वालिटी खात्यात प्राजक्ता नावाची एक तरुण इंजिनिअर होती. तिने एका फोटोवर शेरा मारून पाठवला, "सर, हे पोलाद आहे की पुरण?" पाठोपाठ तिच्या खात्याचा रीतसर निरोप आला. दसरा झाला की प्राजक्ता स्वतः लॅब बघायला येईल. फोटो पसंत पडले तर रिपोर्ट उपळेकरांच्या सहीनेच चालेल. नाही पडले तर यापुढे प्रत्येक लॉटचा तुकडा भोसरीच्या लॅबमधून तपासून आणायचा.

भोसरीची लॅब म्हटल्यावर हरिहररावांनी चहाचा कप अर्धाच खाली ठेवला. ती लॅब दिग्विजय खिरीडची होती, आणि दिग्विजय हा एके काळचा त्यांचा असिस्टंट. एका दसऱ्याला हरिहररावांनी त्याला शॉपमधल्या सगळ्या कामगारांसमोर, हातात पेढ्यांचा बॉक्स असताना, असा काही झापला होता की पोराने महिन्याभरात राजीनामा दिला. कशावरून झापला होता हे हरिहरराव पार विसरून गेले होते. आपण दिलेल्या शिव्या मात्र त्यांना एकूण एक पाठ होत्या, आणि दर दसऱ्याला आपट्याची पानं वाटता वाटता ते घरी त्यांची उजळणी करायचे. त्यांच्या मते दिग्विजयला स्वतःची लॅब काढायची हिंमत त्या झापण्यातूनच आली, म्हणजे लॅबचे खरे संस्थापक तेच.

तर या शिष्योत्तमाच्या लॅबबाहेर एक लाकडी बाक होता. गावभरच्या कारखान्यांची माणसं आपापले तुकडे पिशवीत घेऊन, हातात टोकन धरून त्या बाकावर बसायची. कंपनीची बस एकदा ट्रॅफिकमुळे त्या गल्लीतून वळवली तेव्हा हरिहररावांनी तो बाक डोळ्यांनी पाहिला होता.

"त्या बाकावर मी बसायचं?" ते निगडीच्या घरी आल्या आल्या पत्नीला, वासंतीबाईंना म्हणाले. "मी? टोकन घेऊन?"

"बसलात तर काय झिजाल?" वासंतीबाई भाजी निवडत म्हणाल्या. "बँकेत बसताच की."

बँकेचा मॅनेजर आपला असिस्टंट नव्हता, हे यांना कोण समजावणार! हरिहररावांनी त्याच संध्याकाळी नवीन कॅमेरा आणायचा निर्धार केला. साधासुधा नाही. रंगीत, डिजिटल आणि थंड.

आता थंड का, असं तुम्ही विचाराल. विचाराच, कारण त्या पंधरवड्यात पिंपरी-चिंचवडमधल्या प्रत्येकाने हरिहररावांना तेच विचारलं आणि प्रत्येकाला त्यांनी तेच उत्तर दिलं. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारी एक चकती असते. अंधुक उजेडात बराच वेळ फोटो घेतला की ती तापते, आणि तापली की नसलेले ठिपके दाखवू लागते. म्हणून तिला आतल्या आत गार ठेवायची. "थोडक्यात," हरिहरराव डाव्या हाताचं बोट वर करून म्हणायचे, "जे नाही ते हा कॅमेरा दाखवत नाही." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते जेवताना, बसमध्ये आणि एकदा तर दाढी करणाऱ्या न्हाव्यासमोरही म्हणून झालं.

सोसायटीच्या कट्ट्यावर सोपानराव बसलेले असत. स्कूटरच्या कारखान्यात रंगकामाच्या खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी सल्ला देणे हा पूर्णवेळ उद्योग पत्करला होता. विषय कुठलाही असो, मूळव्याध असो नाहीतर म्युच्युअल फंड, सोपानरावांना तो रंगकामापर्यंत आणता येत असे.

"कशाला एवढा उपद्व्याप, हरिभाऊ?" ते म्हणाले. "माझ्या नातवाचा फोन चंद्रावरचे खड्डे दाखवतो. तो फोन तुमच्या मायक्रोस्कोपच्या डोळ्याला रबर बँडने बांधा. संपलं."

"सोपानराव, तो फोन तापतो. तापला की नसलेले ठिपके..."

"मग ओलं फडकं ठेवा ना वर! आम्ही स्प्रे गनवर ठेवायचो."

हरिहरराव तिथून उठले. अडाण्यांशी वाद घालू नये हे त्यांचं तत्त्व होतं, आणि आपल्याखेरीज सगळेच त्या सदरात मोडतात हा त्यांचा अनुभव.

कंपनीत परचेस खातं सुजितकडे होतं. सुजित मूळचा लातूरकडचा, वागायला मनमोकळा, पण फाईल दिसली की तिच्यात शंका काढल्याशिवाय त्याला करमायचं नाही.

"सर, कॅमेरा समजला," तो म्हणाला. "रंगीत पण समजला. पण थंड कशाला राव? लॅबला एसी हाय की आधीच."

हरिहररावांनी बोट वर करून वाक्य म्हटलं. सुजितने मान डोलावली, आणि थंड म्हटल्यावर ही वस्तू कुलिंगच्या सदरात येते, असं ठरवून फाईल थेट मेंटेनन्सला धाडली. दुसऱ्या दिवशी हरिहरराव जेवून परत आले तर लॅबमध्ये मेंटेनन्सचा सुपरवायझर टेप घेऊन उभा.

"किती टनाचा आहे, साहेब?"

"काय किती टनाचा?"

"कॅमेरा. औटडोर कुठं काढायचं ते ठरवाय लागंल ना. पाइपासाठी भोक मारून ठेवलंय."

भोक खरोखरच मारलं होतं. मूठ जाईल एवढं, मायक्रोस्कोपच्या बरोबर वर, आणि विटांचा चुरा मायक्रोस्कोपच्या डोक्यावर. हरिहररावांनी जो तमाशा केला तो पोलाद ठोकणाऱ्या हॅमर शॉपमध्ये ऐकू गेला, आणि हॅमर शॉपमध्ये काही ऐकू जाणं ही सोपी गोष्ट नाही. सुपरवायझरने शांतपणे सांगितलं, की भोक मारायची परवानगी मेंटेनन्सकडे असते, बुजवायची सिव्हिलकडे. सिव्हिलकडे अर्ज गेला. सिव्हिलने विचारलं, भोक का मारलं? मग तो अर्ज मेंटेनन्सकडे खुलाशाला आला आणि तिथे जो झोपला तो झोपलाच. भोकात यंत्रं पुसायच्या कॉटन वेस्टचा बोळा कोंबला गेला. पाऊस यंदा जाता जात नव्हता, आणि बोळ्यातून दमट हवा सुखेनैव येत-जात होती. लॅबची हवा कोरडी असावी असं भिंतीवर हरिहररावांच्याच सहीने लिहिलेलं होतं, ते भोकाच्या शेजारीच होतं.

एवढं होऊन कॅमेरा मंजूर झाला. कसा झाला म्हणाल तर हरिहररावांच्या विद्वत्तेने नाही. मोठ्या साहेबांनी फाईलवर 'थंड' वाचून विचारलं, "हा गरम होत नाही ना?" सुजित म्हणाला, "नाही सर." साहेब म्हणाले, "मग घ्या." मोठ्या खुर्चीत बसल्यावर प्रश्न इतके स्वच्छ सुचतात.

कॅमेरा आला त्या दिवशी हरिहरराव तो घ्यायला जातीने गेटवर गेले. गेटवर सिक्युरिटीचे दत्तोबा होते. दत्तोबांच्या वडिलांची शेती जिथे होती तिथेच आता गेट होतं, त्यामुळे आत काय जाईल नि काय नाही यावर त्यांचा हक्क कंपनीच्या जन्माआधीचा होता. शेजारी पाटी होती, 'कारखान्यात कॅमेरा नेण्यास सक्त मनाई आहे'.

"क्यामेरा आत जायाचा न्हाई," दत्तोबा म्हणाले.

"अहो, हा कंपनीनेच घेतलाय. लॅबसाठी."

"ह्यो फोटू काढतो का न्हाई?"

"काढतो, पण पोलादाचे..."

"मंग क्यामेराच हाय. पाटी वाचा."

हरिहररावांनी आपण कोण आहोत ते सांगितलं. दत्तोबांनी ते ऐकून घेतलं आणि पुन्हा पाटी दाखवली. हरिहररावांनी 'जे नाही ते दाखवत नाही' हे वाक्य म्हटलं. दत्तोबा म्हणाले, "जे हाय ते तर दावतो ना? त्याचीच मनाई हाय." खरं सांगायचं तर त्या पंधरवड्यात थंड कॅमेऱ्याविषयी कुणी काढलेली ही एकमेव मुद्द्याची शंका होती. हरिहररावांना ती अर्थातच उर्मट वाटली.

शेवटी तोडगा निघाला तो मोबाइलच्या नियमातून. आत जाणाऱ्या प्रत्येक फोनच्या कॅमेऱ्यावर गेटवर लाल स्टिकर लावतात, तसा याच्याही तोंडावर लावायचा. कॅमेऱ्याच्या तोंडावर प्लॅस्टिकचं काळं झाकण होतं, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. दत्तोबांनी त्या झाकणावर 'सुरक्षा विभाग' असं छापलेलं लाल स्टिकर थापलं, अंगठ्याने दाबलं, वर पेनाने सही केली आणि बजावलं, "ह्ये निघालं तर तुमचा गेटपास निघंल." स्टिकर सरकारी जातीचं होतं, एकदा बसलं की हलायचं नाही. त्यामुळे हरिहररावांनी युक्ती काढली. स्टिकरला हात लावायचा नाही, काम करताना अख्खं झाकणच काढून शर्टाच्या खिशात ठेवायचं, काम झालं की परत लावायचं. नियमही शाबूत, फोटोही शाबूत.

आणि फोटो खरोखर सुरेख आले हो! राखाडी म्हणजे राखाडी, पांढरं म्हणजे पांढरं, कडा सुरीने कापल्यासारख्या. हरिहरराव त्या स्क्रीनसमोर बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते ॲसिडने आलं असं त्यांनी सुजितला सांगितलं. भोसरीचा बाक आता फार दूर गेला होता.

इथे थांबले असते तर ही गोष्ट झालीच नसती. पण मध्ये खंडेनवमी आली.

आमच्या या पट्ट्यात खंडेनवमीला कारखान्यातलं प्रत्येक यंत्र धुऊनपुसून, झेंडूची माळ घालून पूजतात. हॅमरपासून स्क्रू ड्रायव्हरपर्यंत कुणी सुटत नाही. कामगारांची बायकापोरं नटूनथटून येतात, पेढे वाटले जातात, आणि ज्या यंत्राने वर्षभर बोटं चेचली त्याच्याच पाया पडतात. दर वर्षी मुख्य मान मोठ्या हॅमरचा. मोठे साहेब तिथे नारळ फोडतात आणि लॅबकडे कुणी ढुंकून बघत नाही. हे शल्य हरिहररावांना बरीच वर्षं टोचत होतं. यंदा त्यांनी सुजितमार्फत साहेबांना लॅबमध्ये यायचं खास आमंत्रण दिलं, आणि घरून वासंतीबाईंना चांदीच्या करंड्यासह बोलावून घेतलं.

मायक्रोस्कोपवरून कॅमेरा काढून चौरंगावर ठेवला, तोंड वर करून. पाहुण्यांना यंत्र जिवंत दिसावं म्हणून वायर जोडून कुलिंगही चालू केलं. आतला पंखा गुणगुणू लागला. सगळं थाटात झालं, एक गोष्ट सोडून. माळेच्या मधोमध ते लाल स्टिकर, 'सुरक्षा विभाग', दत्तोबांच्या सहीनिशी. देवासमोर पोलिसांनी जप्त केलेला माल मांडल्यासारखं दिसत होतं. त्यात सुजित कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी फोटो काढणार होता.

हरिहररावांनी झाकण काढलं आणि नव्या झब्ब्याच्या खिशात टाकलं.

"अहो, आता ते उघडं पडलं की," वासंतीबाई म्हणाल्या.

"देवाला तोंड झाकून बसवतात का? तू करंडा दे."

साहेब आले. सोबत दहा-बारा माणसं, दोन पोरं, एक नारळ. दार सताड उघडं, बोळ्यातून हवा येतेच आहे, आणि गार कॅमेऱ्याच्या आतल्या काचेवर फ्रिजमधल्या बाटलीवर धरतं तसं दव धरायला लागलेलं. पण ते बघतो कोण! हरिहररावांनी हळद वाहिली. काळ्या यंत्रावर ती उठून दिसेना, म्हणून सुजित फोटो घेता घेता म्हणाला, "सर, अजून थोडं, कॅमेऱ्यात येत नाही." कुंकू वाहिलं. "अजून थोडं." अक्षता वाहिल्या. वासंतीबाईंचा करंडा रिकामा झाला तेव्हा कुठे फोटो मनासारखा आला. साहेब म्हणाले, "छान. हा थंडच राहतो ना?" आणि पेढा तोंडात टाकून निघून गेले.

दसऱ्यानंतर कंपनी उघडली. हरिहररावांनी घरून परत आणलेलं झाकण शर्टाच्या खिशात ठेवलं, कॅमेऱ्याचं अंग फडक्याने पुसलं आणि तो मायक्रोस्कोपवर चढवला. तोंडात डोकावून बघायला हवं होतं, पण झाडपूस हे असिस्टंटचं काम, आणि दिग्विजयनंतर त्यांच्याकडे असिस्टंट टिकलेला नव्हता. नव्या लॉटचा तुकडा खाली ठेवला, स्क्रीन लावली आणि ते खुर्चीतून अर्धे उठले.

स्क्रीनवर लालसर ठिपके होते. एक नाही, दोन नाही, मूठभर. पुसट कडांचे, तांबूस.

घाबरून त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. डोळ्याला एकही ठिपका दिसेना. स्क्रीनवर पाहिलं, ठिपके हजर. साध्या माणसाने इथे कॅमेरा उघडून बघितला असता. हरिहरराव साधे नव्हते. त्यांनी विचार केला, जे डोळ्याला दिसत नाही ते दिसावं म्हणून तर हा कॅमेरा आणला. आणि हा कॅमेरा जे नाही ते दाखवत नाही. म्हणजे ठिपके आहेत. पोलादात लाल काय असतं? तांबं! पोलाद पुरवणाऱ्याने भंगार वितळवताना त्यात तांब्याच्या तारा जाऊ दिल्या होत्या, आणि ती लबाडी चाकणच्या या कोपऱ्यातल्या एका माणसाने पकडली होती.

त्यांनी जुन्या लॉटचा एक तुकडा काढून पाहिला. त्यातही तांबं. त्याच्याआधीच्या लॉटचा पाहिला. त्यातही. ठिपक्यांची जागाही तीच होती, वर डावीकडे पाच, मध्ये एक मोठा. "किती शिस्तीत फसवतात बघा," ते सुजितला म्हणाले.

लॉट थांबला. पाठोपाठ शॉप थांबलं. क्रँकशाफ्टचे ढीग लाल पट्टी बांधून यार्डात गेले, भरायला आलेल्या ट्रकच्या रांगा तळेगाव चौकाच्या दिशेने लागल्या, आणि पोलाद पुरवणाऱ्याचा माणूस येऊन आईची शपथ घेऊ लागला. हरिहररावांनी त्याला बोट वर करून वाक्य ऐकवलं. कॅन्टीनमध्ये त्यांना बघून लोक जागा देऊ लागले. संध्याकाळी कट्ट्यावर सोपानराव म्हणाले, "तांबं निघतंय म्हणता? मग लोखंडाच्या भावात कशाला विकता राव!" यावर हरिहरराव चक्क हसले. यशाने माणूस किती सोशिक होतो.

आणि मग, कुणी सांगितलं नसताना, त्यांनी प्राजक्ताला फोन लावला. "तुम्ही पुरण म्हणाला होतात ना? आता या. तुमच्या सगळ्या पुरवठादारांची झोप उडेल असं दाखवतो."

ती दुसऱ्याच दिवशी आली. पाठीवर सॅक, पायात सेफ्टी शूज. मोठे साहेब, सुजित आणि पोलादवाल्याचा रडवेला माणूस लॅबमध्ये दाटीवाटीने उभे राहिले. हरिहररावांनी भाषण केलं. प्राजक्ताने ते शेवटपर्यंत ऐकलं, ही तिच्या आईवडिलांची पुण्याई. मग तिने मायक्रोस्कोपखालचा तुकडा एका बोटाने हळूच सरकवला.

स्क्रीनवर पोलादाची घडण सरकली. ठिपके जागच्या जागी राहिले.

"सर," ती म्हणाली, "तुकडा हलला. तांबं का हललं नाही?"

"तांबं जड असतं," हरिहरराव म्हणाले. हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हाच त्यांना ते गिळावंसं वाटलं होतं, पण उशीर झाला होता.

"तुमचा रुमाल द्याल?"

वासंतीबाईंनी इस्त्री केलेला पांढराशुभ्र रुमाल तिने मायक्रोस्कोपखाली पसरला. स्क्रीनवर दोऱ्यांची वीण आली. वर डावीकडे पाच, मध्ये एक मोठा.

"अरे वा," प्राजक्ता म्हणाली. "तुमच्या रुमालातही तांबं निघालं."

पोलादवाल्याचा माणूस पहिला हसला, आणि तो हसायला हवा होता की नाही हे कळेपर्यंत सगळेच हसत होते. प्राजक्ताने कॅमेरा फिरवून मायक्रोस्कोपवरून काढला आणि पालथा करून टेबलावर टकटक केलं. तोंडातून एक अक्षता पडली. कुंकवाने लाल झालेली, सबंध, न तुटलेली. ती टेबलावर दोनदा उडाली आणि मोठ्या साहेबांच्या पेनापाशी जाऊन थांबली.

भोकातून बाहेरच्या ट्रकचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते.

"हा कॅमेरा जे नाही ते..." हरिहररावांनी सवयीने सुरुवात केली.

"बरोबर आहे, सर," प्राजक्ता म्हणाली, आणि तिच्या आवाजात आता थट्टा नव्हती. "कॅमेरा खोटं बोललाच नाही. कुंकू होतंच तिथे. याचं झाकण कुठे असतं?"

हरिहररावांनी शर्टाच्या खिशातून झाकण काढून दाखवलं. लाल स्टिकर, 'सुरक्षा विभाग'. ते वाचून साहेबसुद्धा तोंड फिरवून हसले, आणि हरिहररावांनी ते घाईने परत खिशात कोंबलं.

निकाल तिथेच लागला. कॅमेरा उत्तम, असं प्राजक्ताने लिहून दिलं. भोक बुजेपर्यंत, काच साफ होईपर्यंत आणि 'तपासणाऱ्या व्यक्तीची पद्धत सुधारेपर्यंत' लॉटचे तुकडे भोसरीहून तपासून आणावेत. थांबलेल्या लॉटपासूनच सुरुवात. तुकडे घेऊन जायचं कुणी, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी हरिहररावांकडे पाहिलं. असिस्टंट नव्हताच.

असा दुसऱ्या दिवशी सकाळी उपळेकरांचा उजवा हात पिशवी धरून भोसरीच्या गल्लीत वळला आणि बाकीचे उपळेकर त्याच्यामागून नाइलाजाने गेले. काउंटरवर पिंकी नावाची मुलगी बसली होती. तिने वर न बघता टोकन पुढे केलं आणि बाकाकडे बोट दाखवलं. हरिहरराव बाकाच्या अगदी कडेला बसले, म्हणजे पूर्ण बसले असं कुणाला म्हणता येऊ नये. शेजारचा माणूस म्हणाला, "सरका की आत काका, पडाल." ते आत सरकले. बाक अपेक्षेपेक्षा ऐसपैस होता, आणि याचाही त्यांना राग आला.

तेवढ्यात आतून दिग्विजय बाहेर आला. पोट सुटलं होतं, केस विरळ झाले होते. त्याने पाहिलं आणि धावतच आला.

"सर! तुम्ही? इथे काय बसलात, आत या!" त्याने वाकून नमस्कार केला. खोटा असता तर बरं झालं असतं. हरिहररावांना तो खरा आहे हे स्पष्ट दिसत होतं, आणि तेच सोसवेना.

आत मायक्रोस्कोप होता, त्यावर थंड रंगीत कॅमेरा, अगदी तसाच, आणि शेजारी ट्रेमध्ये एक जादा कॅमेरा. त्याच्या गळ्यात सुकलेली झेंडूची माळ होती. तोंडावर काळं झाकण घट्ट बसवलेलं, आणि झाकणाच्या बरोबर मधोमध कुंकवाचा एक नेटका टिळा.

हरिहरराव बघतच राहिले. "हे... झाकणाला कुंकू?"

"तुमचीच शिकवण, सर," दिग्विजय हसला. "आठवतं ना? त्या दसऱ्याला मी मायक्रोस्कोपचं भिंग उघडं ठेवून कुंकू वाहिलं. तुम्ही पेढ्यांचा बॉक्स हातात असताना सगळ्या शॉपसमोर काय धुतलंत मला! 'गाढवा, आधी झाकण, मग देव!' तेव्हा फार लागलं हो. पण माझ्याकडे आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी मी तेच सांगतो. आधी झाकण, मग देव. उपळेकर सरांचं वाक्य म्हणून सांगतो."

कोपऱ्यात तुकडे घासत असलेली दोन पोरं मान वर करून आदराने बघू लागली. उपळेकर सर म्हणजे हेच तर!

तर हे कारण होतं. इतकी वर्षं शिव्या पाठ होत्या, आणि त्यातलं कामाचं तेवढं एक वाक्य सांडून गेलं होतं. हरिहररावांचे कान तापले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली, आणि ती दाखवायची कशी हे माहीत नसल्याने ते चिडल्यासारखे दिसले.

"बसा ना सर, खुर्ची देतो. चहा सांगतो. तुमचं काम आधी घेतो."

"नको," हरिहरराव म्हणाले. "नंबरानेच येऊ दे. बाक बरा आहे."

ते बाहेर येऊन पुन्हा बाकावर बसले, या वेळी नीट, मागे टेकून. शेजारच्याने चाकणच्या ट्रॅफिकविषयी काहीतरी विचारलं, त्यावर त्यांनी मत दिलं नाही. बऱ्याच वेळाने पिंकीने नंबर पुकारला. हरिहरराव उठले, खिशात हात घालून त्यांनी हाताला लागलं ते काउंटरवर ठेवलं आणि ताठ मानेने वाट बघत उभे राहिले.

पिंकीने ते उचललं, उलटंसुलटं केलं, वरचं लाल स्टिकर वाचलं.

"काका," ती म्हणाली, "हे झाकण आहे. टोकन द्या."